क्षयरोगावर एकाच वेळी चार औषधे का?

क्षयरोग म्हणजे टीबी. तो जडलेल्या माणसाला सुरुवातीला रोज चार औषधे घ्यावी लागतात. आजार एक, जंतू एक, मग औषधे चार कशाला? आणि खोकला दोन महिन्यांत थांबला तरी उपचार सहा महिने का चालतो? याची उत्तरे समजली, तर एखाद्याचा जीवही वाचू शकतो.

१९४३ साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठातील सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधले. क्षयावर गुणकारी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०७ रुग्णांवर त्याची चाचणी घेऊन १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५५ जणांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना फक्त विश्रांती दिली होती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. पण हा आनंद टिकला नाही. अनेकांच्या थुंकीतील जंतू औषधाला दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात फारसा फरक उरला नाही.

असे का घडले, ते गणिताने पाहू. फुफ्फुसात क्षयामुळे पडलेल्या एका पोकळीत सुमारे दहा कोटी जंतू असू शकतात. जंतूंची वाढ होताना त्यांच्या जनुकांत आपोआप बदल होत असतात. त्यामुळे साधारण दहा लाखांत एक जंतू आयसोनियाझिड या औषधाला न जुमानणारा निघतो. म्हणजे दहा कोटींत असे शंभर झाले. एकटे आयसोनियाझिड दिले, तर बाकीचे मरतात, हे शंभर उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू साधारण दहा कोटींत एक असतो. आता दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू किती जंतूंमागे एक सापडेल? दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्ये! एवढे जंतू शरीरात नसतातच. एका औषधातून निसटलेल्याला दुसरे औषध गाठते. एकत्र औषधे देण्यामागचे मुख्य कारण हेच.

शिवाय प्रत्येक औषधाचे काम निराळे आहे. आयसोनियाझिड झपाट्याने वाढणाऱ्या जंतूंना मारते. पायराझिनामाइड आम्लयुक्त जागी दडलेल्यांना गाठते. रिफाम्पिसिन अधूनमधून जागे होणाऱ्या सुस्त जंतूंचाही नाश करते. इथॅम्ब्युटॉल इतर औषधांची पाठराखण करते. बहुतेक जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, म्हणून रुग्णाला बरे वाटू लागते. मात्र सुस्त जंतू हळूहळूच संपतात. त्यासाठीच आपल्या देशात पहिले दोन महिने चार आणि पुढचे चार महिने तीन औषधे देतात.

या उपचारात भारताचाही वाटा मोठा आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग उपचार संशोधन केंद्र सुरू झाले. रुग्णाला आरोग्यधामात न ठेवता घरीच औषधे दिली, तरी तो तितकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोका होत नाही, हे तेथील अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिले. जगभरच्या गरीब रुग्णांना त्याचा लाभ झाला.

पालकांसाठी थोडेसे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. मोठ्यांसाठी चारही औषधे आता एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे त्यांतले एखादेच घेण्याची चूक टळते. लघवी लालसर होते, त्याला घाबरू नये. तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. पण डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये. आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन ही दोन्ही औषधे निरुपयोगी ठरली, की त्याला एमडीआर टीबी म्हणतात. त्याचा उपचार अधिक अवघड असतो आणि तो क्षय तशाच रूपात इतरांनाही होऊ शकतो.

मात्र 'जास्त औषधे, जास्त गुण' असा अर्थ कुणी काढू नये. बऱ्याच जिवाणूजन्य आजारांत एकच प्रतिजैविक पुरते आणि साध्या सर्दीवर तर एकाचाही उपयोग नसतो.

शेवटी शाळेविषयी. क्षय खोकल्यातून हवेद्वारे पसरतो, ताटवाटीतून नव्हे. योग्य उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच बराच कमी होतो. विद्यार्थी शाळेत केव्हा परत येऊ शकेल, हे डॉक्टर सांगतील. तो आल्यावर त्याला वेगळा बाक देऊ नये आणि कुणी त्याची कुजबूज करू नये. लाजेपायी लपवलेला आजार अर्धवट उपचारावरच थांबतो. त्याच्या गोळ्या पूर्ण होईपर्यंत शिक्षक, पालक, विश्वस्त आणि वर्गमित्र या सर्वांनी त्याला साथ द्यावी.