बाग, रौजा आणि वाडा

अहिल्यानगर शहर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, मलिक अहमद निजामशहाने वसवले. शहराच्या आग्नेयेला ‘फराहबाग’ आहे. नावात बाग असली तरी आज तिथे झाडांपेक्षा इमारतच नजरेत भरते: कोरड्या पडलेल्या चौकोनी हौदाच्या मधोमध उभा असलेला, उंच कमानींचा अष्टकोनी महाल. 1583 मध्ये मुर्तझा निजामशहाच्या काळात तो पुरा झाला. त्याचे दुसरे नाव ‘फराहबक्ष’, म्हणजे आनंद देणारा. यातला ‘बक्ष’ मराठीला परका नाही. ‘बक्षीस’ त्याच घराण्यातले.

शहराच्या उत्तरेला निजामशाहीचीच आणखी एक बाग होती, ‘हश्त बिहिश्त’. तिथेही हौदात अष्टकोनी महाल होता. हश्त म्हणजे आठ. संस्कृत ‘अष्ट’ आणि हा शब्द सख्खे भाऊ. बिहिश्त म्हणजे स्वर्ग. या शब्दाचे जुने इराणी रूप ‘वहिश्त’, म्हणजे ‘सर्वोत्तम’, आणि त्याचा संस्कृत जोडीदार ‘वसिष्ठ’.

‘रौजा’ची कहाणी अधिक रंजक आहे. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ हिरवळ, बगीचा. थोरांच्या कबरींभोवती बाग करण्याची रीत आणि मृतात्म्याला स्वर्गोद्यान लाभावे ही भावना, यांमुळे पुढे कबरीची वास्तूच रौजा ठरली. ताजमहालालाही जुन्या फारसी लेखनात रौजाच म्हटले आहे. निजामशाहीच्या संस्थापकाची कबर जिथे आहे तो ‘बागरौजा’. मूळ अर्थ धरला तर हे नाव ‘बाग-बाग’ असेच होते. पण ते देणाऱ्यांच्या मनात रौजा म्हणजे कबरच होती.

‘महाल’ हाही अरबी. त्याच्या धातूचा अर्थ मुक्कामाला उतरणे, म्हणून महाल म्हणजे मुळात नुसते ठिकाण. राजवाडा आणि महसुली विभाग, हे दोन्ही अर्थ मराठीत आले ते त्यामुळेच. शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावरचा तीनमजली ‘चांदबीबी महाल’ मात्र चांदबीबीचाही नाही आणि महालही नाही. ती मुर्तझाचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. लोकांनी तिला चांदबीबीचे नाव दिले आणि तेच टिकले.

बागेकडून वास्तूकडे हाच प्रवास देशी शब्दांनीही केला आहे. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातूनच फुलझाडांची वाटिका, लोकवस्तीची वाडी आणि चौसोपी वाडा आले. धनगर मेंढरे कोंडतात त्या आवारालाही वाडाच म्हणतात, आणि मूळ अर्थाला तोच जास्त धरून आहे. कोकणात वाडी नारळी-पोफळीची. नगरकडे वाडी म्हणजे छोटे गाव. निजामशाही शहराला खापरी नळांनी पाणी पुरवणाऱ्या गावांतले एक होते कापूरवाडी.

‘राई’ मात्र झाडांशीच इमान राखून राहिली. संस्कृत ‘राजि’ म्हणजे ओळ. आम्रराजीची आमराई झाली, आणि अकोले तालुक्याच्या सह्याद्रीत देवाच्या नावाने राखलेल्या झाडीला देवराई म्हणतात.

फारसी ‘बाग’ राजेरजवाड्यांपुरती उरली नाही. तिच्यापासून झालेला ‘बागायत’ आणि शेती या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला ‘जिरायत’, हे दोन्ही शब्द आजही सातबाऱ्यावर लिहिले जातात.