उलट्या वाटेचे तारे

हायड्रोजन व हेलियम वगळता प्रत्येक मूलद्रव्याला खगोलशास्त्रज्ञ ‘धातू’ म्हणतात; अगदी प्राणवायूलासुद्धा! हे धातू ताऱ्यांच्या पोटात घडतात आणि त्यांच्या मृत्यूनंतर अवकाशात विखुरतात. साहजिकच, आरंभीच्या काळात जन्मलेल्या ताऱ्यांत ते अत्यल्प असतात. २०१८ मध्ये ‘गाया’ यानाच्या नोंदी तपासताना अमिना हेल्मी व सहकाऱ्यांना आकाशगंगेच्या प्रभामंडलातील असे असंख्य धातुविरळ तारे तबकडीच्या फिरण्याच्या काहीसे विरुद्ध दिशेने जाताना आढळले. मात्र, केवळ दिशेवरून परकेपणा सिद्ध होत नाही. निर्णायक ठरले रसायन. लोहाच्या तुलनेत मॅग्नेशियमसारखी मूलद्रव्ये त्यांच्यात कमी होती, आणि तारे संथ गतीने जन्मणाऱ्या लहान दीर्घिकेचीच ती खूण. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी आकाशगंगेने गिळलेल्या त्या दीर्घिकेला ‘गाया-एन्सेलाडस’ हे नाव मिळाले.