काचबिंदूच्या थेंबांचा हिशेब

संगमनेरच्या आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या एक मावशी राहतात. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एक एक थेंब टाकायचा, असे डॉक्टरांनी सांगितलेले. थंडीच्या दिवसांत एकदा गेलो असता सहज बाटली हातात घेऊन हलवली. निम्मी भरलेली!

"मावशी, ही कधी आणली?"

"दिवाळीच्या आधी, भाऊ."

दिवाळी होऊन दोन महिने झाले होते. मी पडलो कारकून. साठ्याचा हिशेब जुळला नाही की चैन पडत नाही. अडीच मिलिलिटरच्या त्या बाटलीत सुमारे ८० थेंब असतात. दोन डोळ्यांना महिन्याला ६० लागतात. थोडे सांडतातच, म्हणजे बाटली महिन्याभरात संपली पाहिजे. शिवाय उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ती टाकून द्यायची असते.

"पुरवून पुरवून टाकते," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात जायच्या आधी मात्र चार दिवस चुकवत नाही. डॉक्टर रागावतात."

डोळ्याचा दाब दर खेपेला बरा भरतो, तरी कडेची नजर कमी होते आहे, हे कोडे मग सुटले.

मावशींना लबाड म्हणू नका. अमेरिकेत १९८६ साली काचबिंदूच्या १८४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. थेंब केव्हा टाकला याची नोंद करणारे यंत्र बाटलीला बसवले होते. रुग्णांनी तोंडी सांगितले ९७ टक्के. यंत्राने दाखवले ७६ टक्के. तपासणीचा दिवस जवळ आला की प्रमाण वाढायचे. तिकडची शिकली सवरली माणसेही आपल्यासारखीच!

कारणही उघड आहे. मोतीबिंदू काढला की दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याच्या मागची नस सुकत जाते, गेलेली नजर परत येत नाही. नेहमीच्या प्रकारात दुखत-खुपत काही नाही. थेंब टाकून आज जास्त दिसत नाही, चुकवून आज कमी दिसत नाही. मग पैसे आधी कशावर खर्च होतील?

पण खरे न सांगितल्यास डॉक्टरांना वाटते औषध लागू पडत नाही. ते दुसरे औषध वाढवतात किंवा ऑपरेशन सुचवतात. बाटली परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. टिमोलॉलसारखे स्वस्त थेंबही आहेत. मात्र ते दम्याच्या माणसाला घातक ठरू शकतात. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या आपल्या माता-भगिनींनी दम लागत असल्यास आधी सांगितलेच पाहिजे.

घरच्या घरी मोजायचे तर औषधाच्या पावत्या जपून ठेवा. वर्षाला बाटल्या १२ लागतात आणि पावत्या ८ निघाल्या, तर हिशेब ६७ टक्क्यांचा. अर्थात विकत घेतलेला थेंब डोळ्यात पडलाच असे नाही. बाटली पंधरा दिवसांत संपली तर निम्मे औषध गालावर जाते आहे असे समजा, आणि टाकायला दुसऱ्याला सांगा. टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा.

मावशींच्या नव्या बाटलीवर नातीने उघडल्याची तारीख लिहिली आहे. थेंबही रोज तीच टाकते. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून मावशींच्या चाळिशीतल्या मुलालाही दाब तपासायला सांगितले आहे. तो अजून गेलेला नाही.