सातबारा आपापला, सौदा मात्र सगळ्यांचा! गटशेती नेमकी चालते कशी?

गटशेती म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मग जमीन कुणाच्या नावावर?" उत्तर सोपं आहे. सातबारा ज्याच्या त्याच्याच नावावर राहतो, बांधही जागचे हलत नाहीत. एकत्र होते ती खरेदी, अवजारं आणि विक्री.

याची गरज का पडली?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर जमीन आहे. एवढ्या रानासाठी ट्रॅक्टर घेणं परवडत नाही. थोड्या मालासाठी मोठा व्यापारी बांधावर येत नाही. म्हणूनच जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यातल्या देळेगव्हाण, अकोला देव परिसरातल्या शेतकऱ्यांनी फळबागतज्ज्ञ डॉ. भगवानराव कापसे यांच्या मार्गदर्शनाखाली गटशेतीची वाट धरली.

फायदा कुठे होतो?

खर्चात: समजा, २० जणांना प्रत्येकी १० गोण्या खत हवंय. एकत्र गेले की ते २०० गोण्यांचं एकच गिऱ्हाईक होतं. घाऊक भावाची बोलणी होतात, वाहतूकही एकदाच.

माहितीत: एकाच्या बागेत रोग दिसला की बाकीचे वेळीच सावध होतात.

विक्रीत: जालन्यात २०१८ मध्ये रेशीम कोष बाजार सुरू झाला. त्याआधी इथले शेतकरी कोष विकायला थेट कर्नाटकातल्या रामनगरला जायचे. एवढ्या लांब एकट्याने गाडी करणं आणि पाच जणांनी मिळून करणं, यातला फरक कळायला हिशोबाची वही लागत नाही.

सरकारचं काय?

राज्याच्या २०१७ च्या गटशेती योजनेत किमान २० शेतकरी आणि १०० एकर क्षेत्राची अट होती. अनुदानाची कमाल मर्यादा होती १ कोटी रुपये.

मग गट मोडतात का?

मोडतात. घरात लग्न निघतं, कुणी दवाखान्यात असतं, पैसे आजच हवे असतात. मग एखादा सभासद ठरलेल्या सौद्याआधीच माल विकून टाकतो. व्यापाऱ्याला कबूल केलेला माल भरत नाही आणि पुढच्या हंगामात तो गटाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

त्यावर उपाय जुनाच आहे. दर महिन्याला बैठक, थोडी थोडी बचत आणि सगळ्यांसमोर वाचला जाणारा हिशोब. त्या बचतीतून अडल्यानडल्याला उचल मिळाली, तर माल घाईत विकावा लागत नाही. गटात शिरण्याआधी भाव विचाराच, पण बचतीची वहीही बघा.