ऑपेराचा नवा चेहरा, दुरावलेले जुने लोक

नंदुरबारकरांनो, टूजीच्या काळात धडगाव, अक्कलकुव्याकडे रेंज जेमतेम असायची, तेव्हाचा बटणांच्या फोनवरचा ऑपेरा मिनी ब्राउझर आठवतोय? पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर लहान व्हायचं, मग फोनवर उघडायचं. डेटा ९० टक्क्यांपर्यंत वाचायचा.

कॉम्प्युटरवरचा ऑपेरा १२ तर मला आजही सगळ्यांत सरस वाटतो. २०१३ मध्ये कंपनीने स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून क्रोमियम घेतलं आणि ऑपेरा १५ मधून बुकमार्क, आतलं मेल दोन्ही गायब! जीव लावणारे लोक तिथेच दुखावले. २०१५ मध्ये कंपनीने लोगो बदलला, पण नुसत्या लोगोने ते कसे परतणार होते? ऑपेराचे सहसंस्थापक योन फॉन टेट्झ्नर यांनी याच मंडळींसाठी विवाल्डी हा ब्राउझर काढला. त्यात बुकमार्क आहेत, मेलही आहे. मोफत आहे, जरूर वापरून बघा.