अंगणातील सेरिअस

निवडुंग या एकाच शब्दात मराठीने दोन निराळी घराणी नांदवली आहेत. आपल्या शेतांच्या बांधावरचा चिकाचा निवडुंग एरंडाच्या कुळातला. त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास काय होते, हे आपल्यातील नेत्रतज्ज्ञांना सांगावयास नको. खरा कॅक्टस जवळजवळ सर्वस्वी अमेरिका खंडातला. त्याच्या अंगावर लवदार ठिपके असतात व काटे त्या ठिपक्यांतूनच निघतात. आमच्या टिळकवाडीतील अंगणात आहे तो दक्षिण अमेरिकेचा सेरिअस : निळसर हिरवा, कंगोऱ्यांचा, खांबासारखा सरळ वाढणारा. माझ्या वडिलांनी, तेही डॉक्टरच, तो लावला होता.

या वनस्पतीची दिनचर्या आपल्या निवासी डॉक्टरांसारखी. खरे काम रात्री. दिवसा पाण्याची वाफ होऊ नये म्हणून ती आपली रंध्रे मिटून घेते, रात्री उघडून कर्बवायू आत घेते आणि आम्लाच्या रूपाने साठवते. हे आम्ल दिवसाच्या उजेडात खर्ची पडते. गंमत अशी की, या क्रियेची एक पहिली नोंद आपल्याच देशात, एका शल्यचिकित्सकाने केली. मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइने यांना पानफुटीचे पान सकाळी आंबट, तर दुपारी बेचव लागले. १८१५ साली त्यांचे ते निरीक्षण प्रसिद्ध झाले. जिभेखेरीज दुसरे उपकरण नव्हते!

जोपासनेविषयी फार सांगण्यासारखे नाही. मातीत निम्मी भरड वाळू व विटांचे बारीक तुकडे, तळाला मोठे भोक असलेली मातीची कुंडी, भरपूर ऊन. आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही. सावलीत वाढलेला खांब बारीक होतो, व तो बारीकपणा पुढे कधीच भरून येत नाही.

खरी परीक्षा पाहतो तो बेळगावचा पाऊस. ऑगस्ट २०१९ मध्ये या परिसरात पुराने हाहाकार उडवला, तेव्हा आमच्या अंगणात अनेक दिवस पाणी साचून राहिले. ओसरल्यावर पाहतो तो १२ फुटी खांबाचा बुंधा काळा पडलेला आणि बोटाने दाबताच आत जाणारा. वडील जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. आई म्हणाली, “ह्यांच्या हातचं झाड आहे. कापायचंच असेल तर माझ्यासमोर काप.” अशी संमती मी व्यवसायात अनेकदा घेतली आहे, इतकी जड क्वचितच वाटली.

सेरिअस आडवा कापला की, गराच्या मध्यभागी वाहिन्यांचे एक वर्तुळ दिसते. कूज बाहेरून दिसते त्याहून बरीच वर, या वर्तुळातून चढलेली असते. म्हणून तपकिरी ठिपका नाहीसा होईपर्यंत चकत्या काढीत जावे लागते, आणि प्रत्येक चकतीनंतर पाते स्पिरिटने पुसावे लागते. गँगरीनमध्ये निरोगी ऊतीपर्यंत जाण्याचा नियम येथे तंतोतंत लागू आहे. आम्हांला सव्वातीन फुटांवर स्वच्छ पांढरा गर मिळाला. आई खुर्चीवर बसून प्रत्येक चकती पाहत होती.

उरलेल्या भागाचे तीन तुकडे केले, कापलेल्या तोंडांना गंधकाची पूड लावली आणि शेंडा वरच राहील अशा बेताने ते पडवीत उभे ठेवले. आडवे ठेवल्यास कुशीतून मुळे फुटतात व शेंडा वाकतो. तीन आठवड्यांत तोंडाला कडक खपली धरली. मग कोरड्या वाळूत रोवले. मुळे धरेपर्यंत पाणी देऊ नये, हा या उपचारातील सर्वांत अवघड भाग. कारण घरातील प्रत्येकाला दया येते. एक तुकडा गेला, दोन जगले.

२०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडी शेंड्याकडच्या तुकड्याला पहिले फूल आले. वीतभर लांब, पांढरे. रात्री उमलून सकाळी मिटणारे. दहा वाजता आईला उठवून अंगणात आणले. तिने विजेरी धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “ह्यांच्या वेळी पंधरा-पंधरा यायची.”

आता दोन्ही झाडांना फांद्या आहेत. पावसाळाभर त्यांच्यावर पत्रा असतो. फांदी काढण्यास फेब्रुवारी-मार्च उत्तम. ज्या वैद्यकबंधु-भगिनींना हवी असेल त्यांनी तेव्हा घरी यावे. जाड हातमोजे मात्र स्वतःचे आणावेत.