दुसऱ्या बूफरचं गणित

गाडीच्या डिकीत पहिला बूफर बसतो तेव्हा मालक छातीठोकपणे सांगतो, आता बास. सहा महिने जातात. मग एखाद्या लावणीतल्या ढोलकीचा घुमारा आणखी थोडा खोल हवा होता असं वाटायला लागतं आणि दुसऱ्या बूफरची चौकशी सुरू होते. बूफर दाखवायला दुकानदार तयारच असतो. अडतं ते ॲम्प्लिफायरपाशी, कारण तो पहिल्या बूफरपुरता घेतलेला असतो.

ॲम्पच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा सगळ्यांत कमी उपयोगाचा. पायोनियरचा जीएम-डी८७०१ हा मोनो ॲम्प घ्या. त्याची जाहिरात होते १६०० वॅटची. माहितीपत्रकात मात्र आरएमएस, म्हणजे न दमता सतत देता येणारी ताकद, अशी लिहिलेली असते: ४ ओहमला ३०० वॅट, २ ओहमला ५००, १ ओहमला ८००. कंपनीने काही लपवलेलं नाही. एकाच ॲम्पचे हे तीन चेहरे आहेत आणि त्यातला कुठला दिसणार हे बूफर ठरवतो.

ओहम म्हणजे बूफरच्या कॉइलने विजेला केलेल्या अडथळ्याचं माप. अडथळा कमी, तसा ॲम्प जास्त प्रवाह सोडतो. पण त्याच्या सोसण्यालाही मर्यादा असते. वरचा ॲम्प १ ओहमपर्यंत निभावतो. त्याखाली गेलं की ॲम्पने स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडावं एवढीच अपेक्षा करता येते.

आता खरी मेख. पुष्कळ बूफरमध्ये दोन कॉइल असतात, कुठे ४-४ ओहमच्या, कुठे २-२ च्या. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, जवळपास एकाच किमतीला. समजा, २-२ चा घेतला. दोन्ही कॉइल समांतर जोडल्या की १ ओहम होतो आणि पहिल्याच दिवशी पूर्ण ८०० वॅट हाती येतात (बूफर तेवढे पेलणारा असला तर). मालक खूश. वर्षभराने तसाच दुसरा आणला की घोळ होतो. चारही कॉइल समांतर जोडल्या तर अर्धा ओहम, तो चालणार नाही. एकसर आणि समांतर यांचा मेळ घालून २ ओहम जमवावे लागतात, म्हणजे ताकद ८०० वरून ५०० वर. ताकद घटल्याने साधारण २ डेसिबल गेले, दुसऱ्या बूफरच्या पडद्यामुळे ३ मिळाले. निव्वळ कमाई १ डेसिबल, जी कानाला जेमतेम कळते. डिकी मात्र पूर्ण गेली!

तोच पहिला बूफर ४-४ ओहमचा असता तर? एकटा असताना २ ओहमवर ५०० वॅट. दुसरा आला की चार कॉइल समांतर, १ ओहम आणि ८०० वॅट. दोन डेसिबल ताकदीचे, तीन पडद्याचे, मिळून पाच. म्हणजे उद्याचा हिशेब आज बूफर घेतानाच होऊन जातो आणि ॲम्प निवडायचा तो उद्या दोन्ही बूफर मिळून जेवढे ओहम होतील तिथली ताकद बघून.

या त्रांगड्यातून सुटायची एक महाग वाटही आहे. जेएल ऑडिओचा ५००/१व्ही२ हा ॲम्प दीड ते चार ओहमच्या दरम्यान काहीही जोडलं तरी ५०० वॅटच देतो. पण दोन ४-४ चे बूफर समांतर जोडून १ ओहम केला, तर त्यालाही ते नको असतं.

स्वस्त मालाच्या बाबतीत माहितीपत्रकावरही भरवसा नको. तिथे ॲम्पच्या बुडाशी असलेला फ्यूज बघावा. फ्यूजचे अँपिअर गुणिले १४ व्होल्ट, आणि क्लास डी ॲम्प असेल तर त्याचे ऐंशी टक्के. ३० अँपिअरचा फ्यूज म्हणजे जेमतेम ३३६ वॅट. वर '२००० वॅट' सोनेरी अक्षरात लिहिलेलं असलं तरी. जुन्या धाटणीच्या क्लास एबी ॲम्पमध्ये निम्मी वीज उष्णतेतच जाते, त्यामुळे बूफरसाठी त्याचा विचार न केलेलाच बरा.

मोठा ॲम्प आधीच घेतला तर पहिला बूफर फाटेल, ही भीती अनेकांना असते. गेन, म्हणजे येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी, नीट बेताने लावला तर तसं होत नाही. उलट छोट्या ॲम्पला ताणलं की आवाजाच्या लाटांचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि कॉइल तापून जळू शकते. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे बसवणाऱ्या काही पोरांनाही सांगावं लागतं.

राहिली वीज. ८०० वॅट काढायला ऐन ठोक्याला सत्तरेक अँपिअर लागतात. छोट्या गाड्यांच्या अल्टरनेटरची एकूण क्षमताच बऱ्याचदा त्याच्या आसपास असते. रात्री प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकावू लागले की समजावं, ॲम्पची भूक गाडीला झेपत नाही. म्हणून ॲम्प आज मध्यम घेतला तरी बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर पहिल्याच खेपेला जाड टाकावी, ४ गेजची, अस्सल तांब्याची; तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. मेन फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा, कारण वायर कुठे सोलली जाऊन पत्र्याला टेकली तर पेट घेण्याआधी तोच तुटतो. या कामासाठी सीट काढायच्या, कार्पेट उचलायचं, इंजिनामागच्या पत्र्यातून वायर ओवायची; दुसरा बूफर आल्यावर हे सगळं पुन्हा करायला फिटर पुन्हा तेवढीच मजुरी घेतो.